एकशे ब्याऐंशी अंश

दुसरी काचही परत आली, तेव्हा थोरलीला आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. बरं अशासाठी, की गेले तीन आठवडे धाकटा मुक्याच्या नावाने खडे फोडत होता आणि मुका काही दोनदा चुकायचा नाही, म्हणून आता ते बंद होणार होतं. लाज अशासाठी, की काच शेवटी घरच्याच कारखान्याची होती. टेंपोतून उतरवताना दोघं हमाल तिला जितक्या प्रेमाने धरत होते, तितक्या प्रेमाने त्या आवारातली माणसं एकमेकांशी बोलत असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

काच तिकोनी होती. पेठेमागच्या रस्त्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर. खाली दवाखाना, वर राहणं, आणि जिन्याच्या वळणावर उतरत्या छपराखाली ही तिकोनी खिडकी. जुनी काच तडकली, नवी घालायची, एवढंच काम. पण अशी काच भट्टीत तापवून कडक करावी लागते, आणि एकदा कडक झाली की ती ना कापता येत ना घासता येत. कापायचा हिरा टेकवला की सगळीच्या सगळी दाणे दाणे होऊन खाली पडते. म्हणजे काय शहाणपण दाखवायचं ते भट्टीच्या आधी. भट्टीनंतर काच बसते किंवा बसत नाही. ही दोनदा बसली नव्हती. डावीकडे टेकवली की उजवी कड उचलायची, उजवीकडे दाबली की डावी.

"पुन्हा हात हलला ना?" धाकटा मुक्याला म्हणाला.

मुका म्हणजे कारखान्यातला काच कापणारा. मुका वगैरे नव्हता. दिवसाला दहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली सहा चहाबद्दल असायची. पहिली काच परत आली तेव्हा धाकट्याने सगळं त्याच्या माथी मारलं होतं आणि त्याने ऐकून घेतलं होतं. आज तो उठला. गोणपाटात गुंडाळून भिंतीशी उभी केलेली पहिली काच त्याने आणली, बनातीच्या टेबलावर आडवी ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली आणि तिन्ही कडांवरून अंगठा फिरवला. अंगठा कुठेही अडला नाही.

"हात हलला, तर दोनदा सारखाच हलतो का?" तो म्हणाला आणि पुन्हा जाऊन बसला.

धाकट्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण तोंडघशी पडून पडलेलाच राहील तो धाकटा कसला. त्याने लगेच मापांची वही उघडली, त्या पानावर बोट ठेवलं आणि बहिणीकडे वळला.

"मग आकडाच चुकलाय. डावा कोन कुणी मोजला होता?"

"मी. आणि उजवा तू."

"माझा चौतीस आहे. बरोबर आहे."

"माझा एक्क्याण्णव आहे. तोही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर, तर काच का बसत नाही?"

"ते तू सांग. तिसरा कोन मोजायला तू कुठे गेला होतास?"

इथे धाकटा हसला. थोरलीला त्याचं हे हसू लहानपणापासून माहीत होतं. शाळेत गणितात एकदा पहिला आल्यावर ते त्याच्या तोंडावर उगवलं होतं आणि पस्तीस वर्षं झाली तरी मावळलं नव्हतं.

"तिसरा कोन मोजायचा नसतो, ताई. एकशे ऐंशीतून वजा करायचा असतो. चौथीतलं पोरगंही सांगेल. एक्क्याण्णव अधिक चौतीस, एकशे पंचवीस. राहिले पंचावन्न. वर चढून बघितलं म्हणून त्रिकोण काही वेगळं उत्तर देणार नाही."

"बाबा मोजायचे."

"बाबांना वजाबाकी येत नव्हती म्हणून मोजायचे."

हे ऐकून थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना वजाबाकी येत होती. शाळा फार झाली नव्हती, तरी येत होती. पण बाबा त्रिकोणाचे तिन्ही कोपरे मोजायचे, चौकोनाचे चारही मोजायचे, आणि मग वहीवर बेरीज करायचे. एकशे ऐंशी किंवा तीनशे साठ आले, तर जिना उतरायचे. नाही आले, तर कुठेतरी चुकलंय म्हणून पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी शिडी लागो, परांची बांधावी लागो, घरमालक कुरकुरो, बाबा खाली यायचे नाहीत. थोरली तेव्हा त्यांच्याबरोबर वही घेऊन जायची. "वजा करून काढलेला कोन कधीच चूक दाखवत नाही," ते तिला सांगायचे. "आधीच्या दोघांनी काय घोळ घातलाय तो निमूट पोटात घालतो, आणि बेरीज तर बरोबरच दिसते."

बाबा गेले आणि कारखाना धाकट्याच्या नावावर झाला. थोरलीच्या नावावर काहीच झालं नाही, कारण तसं कुणाला सुचलंच नाही; खरं सांगायचं तर बाबांनाही नाही. तिचा नवरा तिला फार लवकर सोडून गेला होता. वर गेला की दुसरीकडे गेला, ही चौकशी कारखान्यात कुणी करत नसे, कारण एकदा केलेल्याला तिने ज्या नजरेने पाहिलं होतं ती नजर सगळ्यांना ऐकून माहीत होती. ती भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. बाबांचं म्हणून तिच्याकडे एकच वस्तू आली, तीही दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून. पितळेचा मोठा कोनमापक, फिरत्या काट्याचा, कडेवर आकड्यांच्या दोन ओळी, एकीचं शून्य उजवीकडे, दुसरीचं डावीकडे. बाबांच्या अंगठ्याने त्याची एक बाजू गुळगुळीत झाली होती. बावीस वर्षं ती मापं घेत होती, आणि सकाळी अंथरुणातून उठायला तिच्याजवळ दुसरं कारण नव्हतं. हे ती कुणाला सांगत नसे, पण धाकट्याला ते नेमकं माहीत होतं. म्हणून तर त्याने घाव तिथेच घातला.

"आपण आता एकदा ठरवूनच टाकू," तो म्हणाला. "उद्या जाऊन मोजायचं. ज्याचा कोन चुकला असेल, त्याने पुन्हा मापाला हात लावायचा नाही."

"चालेल. तुझा चुकला तर?"

"माझा चुकणार नाही."

"चुकला तर, विचारतेय मी. मुका ऐकतोय, नीट बोल."

"तर मापाचं सगळं तू बघ. तू म्हणशील तिथे परांची बांधू, तू म्हणशील ते कोपरे मोजू. मी शब्द काढणार नाही."

"आणि माझा चुकला तर?"

"तर हा कोनमापक माझ्या हातात द्यायचा आणि घरी बसायचं. कारखान्यात यायचं नाही."

ऑफिसच्या दारात भावजय फोन कानाला लावून उभी होती. फोनवर कुणी नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं. "आणि बसायला घर आहे की, ताई," ती गोड आवाजात म्हणाली. "आमचंच आहे, पण आहे."

थोरलीने कोनमापक पिशवीत घातला. तिने मुक्याकडे पाहिलं. मुक्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिघं डॉक्टरीणबाईंच्या दारात हजर झाले. मुका बांबू आणि दोर घेऊन आला होता, कारण थोरलीची अट होती की या वेळी परांची बांधायची आणि वरचं टोक मोजायचं. धाकट्याने अट मान्य केली होती, पण वाटेत तीनदा घड्याळ बघून आपल्याला हे किती फालतू वाटतं ते दाखवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि वाटेतून न हलता तिघांना आळीपाळीने न्याहाळलं. दात काढायचाच आहे, फक्त कुठला ते ठरायचं आहे, अशी ती नजर होती.

"दीड महिना माझ्या जिन्यात वारा, धूळ आणि कबुतरं येतायत," त्या म्हणाल्या. "मी चुकीचा दात काढून पेशंटला दुसऱ्यांदा बोलावते का, की या, आता बरोबरचा काढू?"

"आज शंभर टक्के होईल, बाई," धाकटा म्हणाला.

"हे तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात. शंभर आणि शंभर दोनशे झाले."

त्या खाली दवाखान्यात गेल्या नाहीत. मधल्या पायरीवर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. खाली ओळीने बसलेले पेशंट गालाला हात लावून वर बघत होते.

खिडकी बघितली की अडचण कळत होती. खालची कड आडवी, डावी कड भिंतीला लागून उभी, तिसरी छपराबरोबर तिरकी. खालचे दोन्ही कोपरे हाताला येत होते. वरचं टोक मात्र तुळईच्या मागे, एका ठोकलेल्या फळीआड, आणि बरोबर त्याच्या खाली जिन्याची पोकळी. टेप तिथपर्यंत जात नव्हता, शिडी टेकत नव्हती. म्हणूनच खालची लांबी आणि दोन कोन एवढ्यावर काच कापली होती. तेवढ्यावर कापता येतेही, फक्त दोन्ही कोन बरोबर असावे लागतात.

मुक्याने पाऊण तासात परांची बांधली. थोरली वर चढली. पन्नाशीला आलेली बाई, पदर खोचून, पोकळीवर आडव्या बांबूंवर उभी. खाली तिने बघितलंच नाही. फळीचे चार खिळे उपटले, फळी मुक्याच्या हातात दिली, टोकाशी कोनमापक धरला आणि काटा छपराच्या कडेला लावला. एकदा मोजलं. मग काढून, पुसून, पुन्हा मोजलं.

"सत्तावन्न," ती म्हणाली.

खाली वही घेऊन उभ्या असलेल्या धाकट्याने मान वर केली. "पंचावन्न."

"पंचावन्न तुझ्या वजाबाकीत. इथे सत्तावन्न आहे. ये वर, बघ."

तो वर गेला नाही. उंचीवर त्याला भोवळ येते हे तो मान्य करत नसे, म्हणून घड्याळ बघितलं. पण मुका गेला, त्याने बघितलं आणि दोन बोटं दाखवली. दोन अंशांचा फरक.

थोरलीला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की हातातला कोनमापक तिने छातीशी धरला. बाबा खरे निघाले होते. "आता बेरीज कर," ती वरूनच म्हणाली. "मोठ्याने कर. बाईंनाही ऐकू जाऊ दे."

"एक्क्याण्णव, चौतीस, सत्तावन्न," धाकट्याने ओठातल्या ओठात आकडे जुळवले. "एकशे ब्याऐंशी."

"त्रिकोणात एकशे ब्याऐंशी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला तर शाळेत एकशे ऐंशी शिकवले होते. तेव्हापासून वाढले का?"

खालून कुणीतरी सुजल्या गालाने हसायचा प्रयत्न केला आणि कळवळलं.

धाकट्याच्या मानेवर लाल चट्टे उठले. तो उजव्या कोपऱ्याशी वाकला. "दे इकडे," त्याने कोनमापक मागून घेतला, खालच्या कडेवर बसवला, काटा छपराच्या कडेला टेकवला. घाम पुसला. पुन्हा टेकवला. चौतीस. त्याने डोळे बारीक करून तिसऱ्यांदा पाहिलं. चौतीसच. मग मुक्याने पाहिलं आणि मान हलवली. उजवा कोन बरोबर होता.

थोरली परांचीवरून उतरली होती. चौतीस तिनेही ऐकले होते, पण तिने स्वतःला समजावलं की हा माणूस बघतो एक आणि बोलतो एक. तिने कोनमापक घेतला आणि डाव्या कोपऱ्याशी गुडघ्यावर बसली.

या कोपऱ्याला एक खोड होती. जिन्याच्या कठड्याचा खांब बरोबर तिथे आला होता, त्यामुळे कोनमापक खालच्या कडेवर आडवा बसत नव्हता. मागच्या वेळी तिने तो उभा करून भिंतीला टेकवला होता आणि काटा खालच्या कडेवर आणला होता. आताही तसंच केलं. सवयीने आतल्या ओळीत पाहिलं. डावा कोपरा असला की आतली ओळ, हे बावीस वर्षांत तिच्या डोळ्यांना सांगावं लागलं नव्हतं. एक्क्याण्णव.

बघ, असं ती म्हणणारच होती. तोंड उघडलंही होतं. आणि बाबांचं दुसरं एक वाक्य तिला आठवलं, तेही असंच तोंड उघडल्यावर ते सांगायचे. "आकडा नंतर. शून्य कुठे आहे ते आधी बघ."

तिने पाहिलं. कोनमापक उभा केला होता, म्हणजे त्याची दुसरी बाजू भिंतीवर आली होती. भिंतीवर टेकलेलं शून्य आतल्या ओळीचं नव्हतं, बाहेरच्या ओळीचं होतं. कोनमापक फिरला होता आणि डोळे जुन्याच ओळीवर गेले होते. बाहेरच्या ओळीत काट्याखाली एकोणनव्वद होते.

एकोणनव्वद, चौतीस, सत्तावन्न. तिला वही लागली नाही. एकशे ऐंशी.

काटकोनाच्या इतक्या जवळचा कोन, की डोळ्यांना फरक दिसत नाही. तिरपा असता तर आकडा हास्यास्पद निघाला असता आणि तिथल्या तिथे कळलं असतं. इथे दोन अंश इकडचे तिकडे झाले आणि वरच्या न मोजलेल्या कोपऱ्याने ते निमूट पोटात घातले. चूक तिची होती. सगळी तिची. बावीस वर्षांत पहिली असेल नाहीतर शंभरावी. ते आता कुणाला कळणार होतं. मुक्याने गेले तीन आठवडे तिच्या चुकीवर खाल्लेली बोलणी तिला एक एक आठवली.

"किती?" धाकट्याने विचारलं.

तिने काटा पुन्हा एकदा पुसला.

"किती ते सांग ना." आणि मग, ती बोलत नाही असं पाहून, तो घाबरला. हे तिला स्पष्ट दिसलं. त्याला वाटलं असावं की तिचा एक्क्याण्णव पुन्हा एक्क्याण्णवच आलाय, आणि आता आपल्या चौतिसाची पुन्हा झडती होणार. तो डॉक्टरीणबाईंकडे वळला आणि आवाजात मध ओतून म्हणाला, "बाई, लाकूड आहे हे. मधे पाऊस झाला. चौकट फुगली असणार. तेव्हा एक असतं, आता दुसरं भरतं. यात चूक अशी कुणाचीच नाही. आत्ताचे आकडे घेऊ आणि काच करू, काय ताई?"

वाट मोकळी होती. फक्त हो म्हणायचं होतं. आता एकोणनव्वद भरतात एवढंच सांगायचं, फुगल्या लाकडावर सगळं ढकलायचं. पैज फिसकटली, कोनमापक तिच्याकडे, उद्या सकाळी ती नेहमीसारखी कारखान्यात. डावी कड भिंतीचीच होती, तिथे फुगायला लाकूड नव्हतं, पण हे फक्त मुक्याला कळलं असतं, आणि मुक्याची आजची दहा वाक्यं बहुतेक परांची बांधतानाच संपली होती. थोरलीने हो म्हणायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

"उगाच वर चढवलंस सगळ्यांना," धाकटा पुढे म्हणाला. जीव भांड्यात पडला की त्याला बोलायला सुचायचं. "मोजून तरी काय मिळालं? लाकूड हलणार असेल तर तीन कोन मोजा नाहीतर तेरा. बाबांची ती पद्धत म्हणजे नुसती हौस. मी म्हणतो तेच खरं, दोन मोजायचे आणि वजा करायचे."

तो तेवढं बोलला नसता, तर ती आजही कारखान्यात असती.

"लाकूड फुगलेलं नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "डावा कोन एकोणनव्वद आहे. तेव्हाही एकोणनव्वदच होता. मी चुकीच्या ओळीत वाचला. दोन्ही काचा माझ्यामुळे वाया गेल्या."

धाकट्याने वही उघडून एक्क्याण्णवावर बोट ठेवलं.

"पण नीट ऐक," ती उठून उभी राहिली. "मी चुकले ते मला आज कळलं, कारण आज तिसरा कोन मोजला. पहिल्या दिवशी मोजला असतास तर पहिल्या दिवशी कळलं असतं. तू दोन वर्षं न मोजलेले कोन वहीत लिहितोयस. त्यांच्या पोटात कुणाकुणाच्या चुका आहेत, देव जाणे. माझी एक सापडली. तुझ्या शोधायला कुणी वर चढलेलंच नाही."

धाकट्याने तिचं हे दुसरं बोलणं ऐकलंच नाही. पहिलं त्याला पुरेसं होतं. त्याच्या तोंडावर ते पस्तीस वर्षांचं हसू हळूहळू परत आलं.

"म्हणजे चूक तुझी."

"माझी."

"मग ठरल्याप्रमाणे." त्याने हात पुढे केला.

तिला वाटलं होतं, तो निदान घरी जाईपर्यंत थांबेल. डॉक्टरीणबाईंसमोर, मुक्यासमोर, खालच्या सुजलेल्या गालांसमोर मागणार नाही. आपण याला बोट धरून शाळेत नेलं होतं, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. तिने पदराने कोनमापकाची गुळगुळीत बाजू पुसली आणि तो त्याच्या हातावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

"मुक्या," ती म्हणाली, "तुझ्यावर आळ आला तो माझ्यामुळे. मला माफ कर."

मुक्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग खाली बांबूंकडे पाहिलं. "चूक मोजली की चूक राहत नाही," तो म्हणाला. पण हे त्याने इतकं हळू म्हटलं की धाकट्याला ऐकू गेलं नाही. बहुधा त्यासाठीच हळू म्हटलं होतं.

थोरली जिना उतरू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला वाट दिली, पण धाकट्याला दिली नाही. तोही वही बंद करून निघाला होता.

"तुम्ही कुठे?"

"आकडे मिळाले ना, बाई. एकोणनव्वद, चौतीस, सत्तावन्न."

"त्यातले दोन त्यांचे. आणि त्यांना तर तुम्ही आत्ता माझ्यासमोर घरी बसवलंत. मग त्यांचे आकडे मी कसे धरू?" बाईंनी हाताची घडी सोडली नाही. "मोजा तुम्ही. तिन्ही मोजा, तुमच्या हाताने, मी इथे उभी आहे. बेरीज एकशे ऐंशी आली की जा. खाली नऊ पेशंट बसलेत माझे, त्यांना सवय आहे वाट बघायची."

"पण..."

"वरचा आधी मोजा. परांची बांधलेलीच आहे."

थोरलीने हे सगळं उतरता उतरता ऐकलं आणि थांबली नाही. रस्त्यावर ऊन चांगलंच तापलं होतं. समोरच्या बाजूला जाऊन ती उभी राहिली. जायचं कुठे हे ठरत नव्हतं. कारखान्यात जायचं नव्हतं, आणि घर म्हणजे भावजयीचं ‘आमचंच आहे, पण आहे’. बावीस वर्षांत सकाळी अकराला ती कधी रिकामी नव्हती. खांद्यावरच्या पिशवीचं वजन एकदम कमी झालं होतं आणि त्यामुळे चालताना तोल जात होता.

तिने वर पाहिलं. तिकोनी भोकात धाकट्याचं डोकं दिसत होतं. तो वर चढला होता, एका हाताने तुळई घट्ट धरून, चेहरा चुन्यासारखा. वरचा कोन त्याने कसाबसा मोजला असावा. मग डोकं खाली सरकलं, डाव्या कोपऱ्याशी आलं, आणि तिथेच राहिलं. पितळ उन्हात चमकलं. कोनमापक आडवा झाला. खांब मधे आला. उभा झाला. उलटा झाला. पुन्हा उभा झाला. धाकट्याने आयुष्यभर फक्त उजवे कोपरे मोजले होते, एकाच बाजूने, एकाच ओळीत; डावे आधी बाबांचे होते आणि नंतर तिचे.

बराच वेळ गेला. मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत असावा, कारण त्याने दोनदा मान वळवली. शेवटी तो भोकातून अर्धा बाहेर वाकला. रस्त्यावर पानाच्या टपरीशी चार माणसं होती, दवाखान्याच्या पायरीवर दोन होती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला ओरडावं लागलं.

"ताई, आतली ओळ की बाहेरची?"

तिला उत्तर माहीत होतं. दोन शब्दांचं होतं. शून्य बघ, एवढंच. बाबांनी तिला दिलेलं सगळ्यात मोलाचं तेच होतं, आणि कागदावर नावावर करून द्यायची गरज नसलेलंही तेच.

"एकशे ऐंशीतून वजा कर," तिने खालून सांगितलं.

टपरीवरची माणसं हसली. धाकटा तसाच वाकून राहिला, हातात कोनमापक, तोंड उघडं. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही, कारण वरून तो बघत होता. ती वळली आणि चालायला लागली. कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तिने मान खाली केली नाही, आणि तिथपर्यंत त्याने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.